एमए कम्युनिकेशन स्टडीज : क्रेडिट्स मोजायच्या आधी शेवट ठरवा

तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडते. काही वर्षं वृत्तपत्रात आणि नंतर जनसंपर्कात काम करून तुम्हाला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कम्युनिकेशन स्टडीजच्या एमएला प्रवेश मिळाला आहे. विभागाने '३३ क्रेडिट्स. प्रबंध, प्रकल्प किंवा सर्वंकष परीक्षा' एवढंच कळवलंय. विषय कोणते घ्यावे लागतील, तीन पर्यायांत सोपा कोणता, दीड वर्षात आटपेल का, परीक्षा निवडली तर पुढे पीएचडीचं दार बंद होईल का, आणि तुमच्या जुन्या एमएची काही क्रेडिट्स इथे धरतील का, असे तुमचे पाच प्रश्न.

पाचही उत्तरं देते. पण खरा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही : ही पदवी संपवायची कशी, आणि ते ठरवायचं कधी? मी अशा एका विभागात वीसेक वर्षं शिकवते आहे आणि त्यातली काही वर्षं पदव्युत्तर अभ्यासक्रमाची समन्वयक होते. त्या खुर्चीत बसलं की अडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची फाइल आपल्या टेबलावर येते. क्रेडिट्स कमी पडली म्हणून अडलेले विद्यार्थी मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आठवतात. पण वर्ग संपले, गाव सोडलं, नोकरी लागली आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण तसंच पडून राहिलं, असे कितीतरी.

आता एक कबुली. मी सांगते ते अमेरिकेतल्या बहुतेक विभागांना लागू पडतं, पण आकडे जागोजागी बदलतात. तुमच्या विभागाची पुस्तिका आणि माझं उत्तर यांत फरक दिसला तर पुस्तिका खरी. तुम्ही ज्या वर्षी दाखल होता त्या वर्षीच्या कॅटलॉगचे, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत माहितीपुस्तकाचे, नियम साधारणपणे तुम्हाला शेवटपर्यंत लागू राहतात. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात तो कॅटलॉग आणि विभागाची पुस्तिका उतरवून स्वतःजवळ ठेवा. दोन वर्षांनी संकेतस्थळावर नवे नियम असतील आणि जुने कुठे होते ते ऑफिसातही कुणाला सापडणार नाही.

आणखी एक. तुमचे मालक दोन आहेत, एक विभाग आणि दुसरं ग्रॅज्युएट स्कूल, म्हणजे विद्यापीठाचं पदव्युत्तर शिक्षणाचं कार्यालय. कोणते विषय, कोणत्या पद्धती, शेवट कसा, हे विभाग ठरवतो. सरासरी किती हवी, पदवी किती वर्षांत पुरी करायची, बाहेरची किती क्रेडिट्स चालतील, प्रबंधाचा समास किती सोडायचा, पदवीसाठी अर्ज कोणत्या तारखेपर्यंत करायचा, हे ग्रॅज्युएट स्कूल ठरवतं. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो इथेच. विभागाला वाटतं तारखा ग्रॅज्युएट स्कूलने कळवल्या असतील, ग्रॅज्युएट स्कूलला वाटतं विभागाने कळवल्या असतील. पदवीचा अर्ज वेळेत भरला नाही म्हणून सगळं पुरं झालेलं असतानाही एक सत्र थांबावं लागलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यात त्यांच्या बुद्धीचा काही दोष नव्हता, तारीख कुणी सांगितली नव्हती एवढंच.

आता हिशोब. अमेरिकेत या विषयाची एमए बहुधा ३० ते ३६ क्रेडिट्सची असते. एक विषय तीन क्रेडिट्सचा, म्हणजे दहा ते बारा विषय. प्रबंध केला तर त्याची तीन ते सहा क्रेडिट्स याच बेरजेत धरतात, म्हणजे वर्गात बसून करायचे विषय एक-दोनाने कमी होतात. पूर्णवेळ विद्यार्थ्याला सत्राला साधारण नऊ क्रेडिट्स घ्यावी लागतात आणि विद्यार्थी व्हिसावर असाल तर त्याहून खाली जाताना आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसची आधी परवानगी लागते. तुमची ३३ मांडली तर ९, ९, ९ आणि ६. कागदावर चार सत्रं. दोन सत्रांत एक-एक जास्तीचा विषय घेतला तर तीन सत्रांतही (१२, १२ आणि ९) बसवता येतं, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. दीड वर्षात क्रेडिट्स बसतात, प्रबंध बसत नाही. का, ते पुढे सांगते.

सरासरी चारपैकी तीन, म्हणजे 'बी', राखावी लागते. पदव्युत्तर वर्गात 'सी' म्हणजे जवळजवळ नापासच समजा. एखादा 'सी' खपतो, दोन झाले की बहुतेक ठिकाणी ताकीद मिळते आणि गाभ्याच्या विषयातला 'सी' तर पुन्हा करायला लावतात. पण 'सी'पेक्षा मला 'इनकम्प्लीट'ची जास्त भीती वाटते. सत्राअखेर पेपर झाला नाही, प्राध्यापक भले असतात, 'इनकम्प्लीट' देऊन मुदत वाढवतात. विद्यार्थी सुटकेचा श्वास टाकतो. पुढच्या सत्रात नवे तीन विषय आणि मागचा एक पेपर, असं चार विषयांचं ओझं होतं. मुदत उलटली की बऱ्याच ठिकाणी तो शेरा आपोआप नापासात बदलतो. शक्यतो घेऊ नका. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर घ्या, पण पेपर बारा पानांवरून वीस पानांवर नेऊन आणखी चांगला करायचाय म्हणून घेऊ नका.

विषयांकडे वळते. तुम्ही पत्रकारितेतून येताय म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं, कारण नावामुळे गैरसमज होतो. कम्युनिकेशन स्टडीज म्हणजे वृत्तविद्या नाही. १९१४ साली इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेतून वक्तृत्व शिकवणारे सतरा शिक्षक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. तीच आज नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन. म्हणजे या विषयाचं एक मूळ व्यासपीठावरच्या भाषणात आहे. दुसरं मूळ समाजशास्त्र आणि मानसशास्त्रात : प्रचार, मतदान, माध्यमांचा परिणाम. पुढे त्यात दोन माणसांमधला संवाद आला, संस्थांमधला संवाद आला, आरोग्यविषयक संवाद आला. रॉबर्ट क्रेग या संवाद-अभ्यासकाने १९९९मधल्या एका लेखात या सगळ्या पसाऱ्याच्या सात परंपरा मांडून दाखवल्या : वक्तृत्वमीमांसेपासून चिन्हमीमांसा, सायबरनेटिक्स ते चिकित्सक परंपरेपर्यंत. पहिल्या सत्राच्या सिद्धान्ताच्या वर्गात हा लेख समोर येण्याची शक्यता बरीच आहे.

म्हणून गाभ्याचे विषय सहसा असे असतात : पदव्युत्तर अभ्यासाची ओळख करून देणारा एक वर्ग, संवादाच्या सिद्धान्तांचा एक आणि संशोधन पद्धतींचे एक ते तीन. बाकी ऐच्छिक. बातमी लिहायला, कॅमेरा धरायला किंवा मोहीम चालवायला इथे फारसं कुणी शिकवत नाही. माध्यम-व्यवसायातून आलेले विद्यार्थी पहिल्या महिन्यात हिरमुसतात ते यामुळेच. त्यांना 'हे कसं करायचं' ते येत असतं. इथे 'हे असं का होतं, आणि तुम्हाला कसं माहीत' असं विचारतात. १९६८च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपेल हिलमधल्या शंभर अनिश्चित मतदारांना मॅककोम्ब्ज आणि शॉ या संशोधकांनी महत्त्वाचे मुद्दे कोणते ते विचारलं आणि ते माध्यमांतल्या मुद्द्यांशी ताडून पाहिलं. १९७२मध्ये छापलेल्या त्या छोट्या अभ्यासातून अजेंडा-सेटिंगची, म्हणजे लोकांना कोणते मुद्दे महत्त्वाचे वाटावेत हे माध्यमं कसं ठरवतात त्याच्या अभ्यासाची, सगळी शाखा फुटली. संपादक म्हणून तुम्ही रोज पहिलं पान लावलं असेल. इथे तुम्हाला ते पान लावून काय घडलं ते मोजायला किंवा वाचायला लावतील. हा बदल एकदा मनाने घेतला की पत्रकारितेचा अनुभव फार कामी येतो. विषय शोधावा लागत नाही.

तुमची पहिली पदवी दुसऱ्याच विषयातली असेल तर विभाग एक-दोन पूर्वतयारीचे विषय लावू शकतो. ते बहुधा ३३मध्ये धरत नाहीत. प्रवेशपत्रात तसं काही लिहिलंय का, ते एकदा नीट वाचून घ्या.

पद्धतींच्या विषयांवर मात्र थोडं थांबते, कारण बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. विद्यार्थी आवडीचे विषय आधी घेतात आणि पद्धती मागे ढकलतात. आकडेवारीची धास्ती असते, मी समजू शकते. पण प्रबंधाचा आराखडा पद्धतीशिवाय लिहिता येत नाही. माझ्याकडे एक विद्यार्थी होता; त्याला एका आंदोलनाबद्दलच्या बातम्यांचं आशय-विश्लेषण करायचं होतं. विषय उत्तम, बातम्या गोळा केलेल्या, उत्साह दांडगा. पद्धतीचा वर्ग त्याने तिसऱ्या सत्रात घेतला. तिथे त्याला पहिल्यांदा कळलं की बातम्यांचं वर्गीकरण एकट्याने करून भागत नाही. निदान काही भाग दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे वर्गीकृत करावा लागतो आणि दोघांचं किती जुळतं ते मोजून दाखवावं लागतं. आमच्या क्षेत्रात त्यासाठी क्रिपेनडॉर्फचा अल्फा हा आकडा वापरतात (१ म्हणजे पूर्ण जुळणी), ०.८० असेल तर छान, ०.६६७च्या खाली गेला तर त्यावर निष्कर्ष काढू नयेत असा संकेत आहे. त्याचा आला ०.५च्या आसपास. कारण 'सहानुभूतीचा सूर' म्हणजे काय याची व्याख्या त्याच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. व्याख्या लिहून, मित्राला शिकवून, सगळं पुन्हा करण्यात एक पूर्ण सत्र गेलं. हेच पहिल्या वर्षात कळलं असतं तर त्याचा वेळ वाचला असता.

तेव्हा पहिल्या वर्षाच्या दोन सत्रांत पद्धतींचे निदान दोन विषय संपवा. कोणते, हे तुमच्या ओढीवर आहे. मुलाखती, निरीक्षण यांत रस असेल तर गुणात्मक. सर्वेक्षण, प्रयोग यांत असेल तर संख्यात्मक. भाषणं, जाहिराती, चित्रपट यांच्या वाचनात असेल तर वक्तृत्वसमीक्षा. वक्तृत्वसमीक्षेला पद्धत मानायला काहीजण तयार नसतात. मी मानते. पण तिथे पद्धतीचं प्रकरण लिहिणं आकडेवारीपेक्षा कठीण असतं, कारण 'मी हा मजकूर असाच का वाचला' याचं उत्तर कोष्टकात देता येत नाही.

आता तीन शेवट.

सर्वंकष परीक्षा, विद्यार्थ्यांच्या भाषेत 'कॉम्प्स'. तीन प्राध्यापकांची समिती प्रत्येकी एक-दोन प्रश्न काढते : एक सिद्धान्तावर, एक पद्धतीवर, एक तुमच्या खास क्षेत्रावर. काही ठिकाणी बंद खोलीत चार-चार तासांचे पेपर, काही ठिकाणी घरी नेऊन आठवड्याभरात लिहायचे. पाठोपाठ तोंडी. नापास झालात तर बहुतेक ठिकाणी एकच संधी आणखी मिळते. लोकांना हा सोपा मार्ग वाटतो. सोपा नाही, त्याला तारीख असते एवढंच, आणि तारीख असणं ही काही लहान गोष्ट नाही. दोन महिने कंबर कसली की निकाल लागतो. तपासताना मी काय बघते सांगू? विद्यार्थ्याने किती नावं घेतली ते नाही. दोन सिद्धान्तांचं जिथे पटत नाही ती जागा त्याला दिसली का, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं का, की पाठ केलेलं सगळं ओतलं? मी स्वतः विद्यार्थी असताना तोंडीत 'हे मला माहीत नाही, पण मी असं शोधीन' म्हणण्याऐवजी पाच मिनिटं फापटपसारा मांडला होता. समितीने सौजन्याने ऐकून घेतलं. आठवलं की अजून कान गरम होतात.

प्रकल्प. एखाद्या संस्थेसाठी प्रशिक्षणक्रम, संवाद-आराखडा, माहितीपट, असं काही. जनसंपर्कात असल्यामुळे तुमचा हात इकडे जाईल. जाऊ द्या, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रकल्पाबरोबर त्यामागचा सिद्धान्त आणि कारणं सांगणारा लेखी भाग द्यावाच लागतो, आणि तो बहुतेकजण शेवटच्या आठवड्यात उरकतात. दुसरं, ज्या संस्थेसाठी काम करता तिथला माणूस बदलला की प्रकल्प लटकतो. संस्थेचं संमतिपत्र आधी हातात घ्या.

प्रबंध. इथे टप्पे बरेच आहेत आणि प्रत्येक टप्पा दुसऱ्या कुणाच्या तरी वेळेवर अवलंबून आहे. मार्गदर्शक धरून तिघांची समिती बांधायची. आराखडा लिहायचा, जो बऱ्याच विभागांत प्रबंधाची पहिली तीन प्रकरणंच असतात. समितीसमोर तो मंजूर करून घ्यायचा. माणसांशी संबंध येत असेल तर आयआरबीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या विद्यापीठाच्या मंडळाची, परवानगी घ्यायची. मग माहिती गोळा करायची, विश्लेषण करायचं, लिहायचं. मार्गदर्शकाकडून दोनदा-तीनदा लाल होऊन आलेला मजकूर दुरुस्त करायचा. बचाव, ज्याला सगळे 'डिफेन्स' म्हणतात, तो द्यायचा. समितीने सुचवलेल्या दुरुस्त्या करायच्या. आणि ग्रॅज्युएट स्कूलने समास-तळटिपा तपासून दिल्यावर दाखल करायचा. डिफेन्सला बहुतेक विद्यार्थी घाबरतात. मी त्यांना सांगते, मार्गदर्शक शहाणा असेल तर प्रबंध तयार नसताना तो तारीख देतच नाही. खरी परीक्षा आराखड्याच्या बैठकीत असते. तिथे समितीने फाडून खाल्लं तर आभार माना. तो राग डिफेन्सच्या वेळी आला असता तर महाग पडला असता.

आयआरबीबद्दल पत्रकारांना खास सांगावं लागतं. अमेरिकेत टस्कीगी इथल्या सिफिलिसच्या अभ्यासात कृष्णवर्णीय पुरुषांना चाळीस वर्षं अंधारात ठेवलं होतं. ते १९७२मध्ये उजेडात आलं, १९७४मध्ये कायदा झाला, १९७९मध्ये बेलमाँट अहवालाने तत्त्वं घालून दिली, आणि त्यातून आजची ही संमती-व्यवस्था उभी राहिली. अमेरिकेच्या सुधारित केंद्रीय नियमांत पत्रकारिता आणि मौखिक इतिहास यांना 'संशोधन' या व्याख्येबाहेर ठेवलंय हे खरं. म्हणून काही पत्रकार-विद्यार्थी म्हणतात, मग माझ्या मुलाखतींना परवानगी कशाला? कारण तुम्ही त्या प्रबंधासाठी, त्यातून सर्वसामान्य निष्कर्ष काढण्यासाठी घेताय. अमुक अभ्यास परवानगीतून 'सूट' मिळण्याजोगा आहे, हा निर्णयसुद्धा तुम्ही घ्यायचा नसतो. अर्ज करायचा आणि त्यांनी 'सूट आहे' म्हणायचं. आणि परवानगी मागच्या तारखेने मिळत नाही. एक विद्यार्थिनी आधीच्या नोकरीत घेतलेल्या वीसेक सुंदर मुलाखती घेऊन माझ्याकडे आली होती. ध्वनिमुद्रणं होती, उतरवलेला मजकूर होता. आयआरबीकडे विचारणा केली तेव्हा त्या वापरता येणार नाहीत असं उत्तर आलं, कारण बोलणाऱ्यांनी बातमीसाठी संमती दिली होती, संशोधनासाठी नाही. तुमच्याकडेही जुन्या वह्या असतील. त्यांवर प्रबंधाचे इमले बांधण्याआधी विचारून घ्या. छापलेली भाषणं, अग्रलेख, जाहिराती यांवर काम करणार असाल तर मात्र सहसा हा प्रश्नच येत नाही, आणि घाई असलेल्यांना मी असेच विषय सुचवते.

आता वेळेचं गणित उलटं मांडून बघू, आधी दोन वर्षांचं. समजा दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात पदवी हवी. दाखल करण्याची तारीख बहुधा एप्रिलमध्ये येते, म्हणजे डिफेन्स एप्रिलच्या सुरुवातीला. समितीला वाचायला निदान दोन आठवडे आधी प्रत द्यावी लागते, म्हणजे मार्चच्या मध्यावर पूर्ण प्रबंध तयार. त्याआधी मार्गदर्शकाचं वाचन आणि दुरुस्त्या, म्हणजे फेब्रुवारीत पहिला खर्डा. माहिती डिसेंबरपर्यंत गोळा. आयआरबीला काही आठवडे, म्हणजे अर्ज सप्टेंबरात. आराखडा ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला मंजूर. याचा अर्थ पहिल्या वर्षाच्या मे महिन्याआधीच मार्गदर्शक आणि विषय ठरलेला हवा. हे झालं चार सत्रांचं वेळापत्रक, आणि त्यात कुठेही हवा खेळायला जागा नाही.

हेच डिसेंबरात, म्हणजे दीड वर्षात, संपवायचं तर अख्खा प्रबंध उन्हाळ्यात सरकतो. आणि उन्हाळ्यात माणसं नसतात. अमेरिकेतल्या बहुतेक प्राध्यापकांचा करार नऊ महिन्यांचा असतो. मे ते ऑगस्ट ते पगारावर नसतात, स्वतःच्या संशोधनात किंवा प्रवासात असतात. उन्हाळ्यात आराखड्याची बैठक घ्यायला ते बांधील नसतात आणि कित्येक विभागांत ती घेऊच देत नाहीत. म्हणून म्हटलं, क्रेडिट्स दीड वर्षात बसतात, प्रबंध बसत नाही. दीड वर्षच हातात असेल तर परीक्षा किंवा प्रकल्प निवडा आणि त्याबद्दल कमीपणा वाटून घेऊ नका.

पीएचडीचं दार? बंद होत नाही. प्रवेश-समिती संशोधनाचा पुरावा मागते. प्रबंध हा त्याचा एक प्रकार. परीक्षेच्या मार्गाने गेलेल्या पण सेमिनारमधला एखादा पेपर नीट घासूनपुसून परिषदेत वाचलेल्या विद्यार्थ्यांना चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळालेला मी पाहिलाय. नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन नोव्हेंबरात असतं, प्रादेशिक संघटनांची वसंतात. विद्यार्थ्यांचे पेपर तिथे आवर्जून घेतात. तरीही, पीएचडी करायचीच असं मनात पक्कं असेल तर मी प्रबंध सुचवीन. कारण साधं आहे. वर्षभर एकाच प्रश्नाशी झटत बसणं आपल्याला मानवतं की नाही, हे पीएचडीच्या चौथ्या वर्षी कळण्यापेक्षा एमएला कळलेलं बरं.

मार्गदर्शकाबद्दल. पहिल्या सत्रात विभाग कुणालातरी तात्पुरतं नेमतो. ते लग्न नव्हे. दुसऱ्या सत्राअखेर आपला माणूस शोधा. विद्यार्थी मोठं नाव बघतात. मी म्हणेन, सेमिनारमध्ये तुमच्या पेपरावर कुणी काय शेरे लिहिले ते बघा. 'छान' लिहून ए देणाऱ्यापेक्षा पान चारवरचा युक्तिवाद पान नऊशी का जुळत नाही ते लिहिणारा उपयोगाचा. आणि दोन प्रश्न न लाजता विचारा : पुढच्या वर्षी तुम्ही इथे आहात का, आणि सध्या किती विद्यार्थी तुमच्या हाताखाली आहेत? अभ्यासरजेवर जाणारा किंवा दुसरीकडे नोकरी शोधणारा मार्गदर्शक कितीही विद्वान असला तरी तुमच्या एप्रिलच्या उपयोगाचा नाही. समितीतले उरलेले दोघे मार्गदर्शकाला विचारून निवडा. एकमेकांशी न पटणारे दोन प्राध्यापक एका समितीत आणू नका. त्यांचं भांडण तुमच्या चौथ्या प्रकरणात लढलं जातं.

तुम्ही असिस्टंटशिपचं काही लिहिलं नाहीत, पण मिळाली असेल तर एक जादा सूचना. आपल्या विषयात तिचा अर्थ बहुधा पदवीपूर्व विद्यार्थ्यांना सार्वजनिक भाषणकला शिकवणं असाच असतो. शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं, कागदावर आठवड्याला वीस तास. पण भाषणांच्या फेऱ्या लागतात त्या आठवड्यांत वीसचे तीस होतात, कारण प्रत्येक भाषण बसून ऐकावं लागतं आणि प्रत्येकाला लेखी अभिप्राय द्यावा लागतो. सत्राच्या पहिल्याच दिवशी त्या फेऱ्यांच्या तारखा आणि स्वतःच्या पेपरांच्या तारखा एकाच दिनदर्शिकेवर मांडा. वर्गाच्या तारखा तुमच्या हातात असतील तर दोन्ही एकमेकांवर आदळणार नाहीत अशा लावा. पदवीच्या अटींत हे कुठेही लिहिलेलं नसतं, पण 'इनकम्प्लीट'चं सगळ्यात मोठं कारण माझ्या पाहण्यात हेच.

तुमच्या बाबतीत मी काय करीन? पहिलं सत्र : ओळखीचा वर्ग, सिद्धान्त, एक पद्धत. दुसरं : दुसरी पद्धत आणि ज्यांच्याबरोबर काम करायची इच्छा आहे त्यांचा सेमिनार, मग तो विषय थोडा बाजूचा असला तरी चालेल, आणि एक ऐच्छिक. याच सत्राच्या शेवटी, एप्रिलमध्ये, प्रबंध की परीक्षा ते ठरवा. त्याआधी नको, कारण तुम्हाला अजून काय आवडतं तेच कळलेलं नसेल. नंतर नको, कारण वर मांडलेलं उलटं गणित. शिवाय प्रबंधाची क्रेडिट्स घेऊन मग परीक्षेकडे वळलं तर ती क्रेडिट्स बऱ्याच ठिकाणी वाया जातात आणि दोन जादा विषय गळ्यात पडतात.

राहिला शेवटचा प्रश्न, जुन्या क्रेडिट्सचा. बाहेरची सहा ते नऊ क्रेडिट्स घ्यायची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण अटी असतात : पदव्युत्तर पातळीचा विषय, 'बी' किंवा वर, फार जुना नाही, आणि ती क्रेडिट्स आधीच्या कुठल्याही पदवीसाठी वापरलेली नसावीत. तुमची पहिली एमए पुरी झालेली आहे, म्हणजे तिची क्रेडिट्स त्या पदवीत खर्ची पडली. ती इथे धरतील अशी आशा मी ठेवणार नाही. मात्र जुन्या एमएत संशोधन पद्धतीचा विषय केला असेल तर त्याचा अभ्यासक्रम समन्वयकांना पाठवा. कधीकधी क्रेडिट देत नाहीत पण तो विषय माफ करून त्याजागी वरच्या पातळीचा घेऊ देतात. ही विनंती पहिल्या सत्राची नोंदणी करायच्या आधी करा, नंतर कुणी ऐकत नाही.